भाजीवाचून डोहाळजेवण

"मोठमाय, जिच्या डोहाळ्याचं जेवण हाय, तिच्याच ताटात भाजी काहून नाई?"

पंचफुलाने हे कुजबुजत विचारलं नाही. शाळेत कविता म्हणायला उभी राहते तशी मान ताठ करून उभी राहिली आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तिने विचारलं. वाढणाऱ्या बायांचे हात होते तिथेच थांबले. कुणाची पळी वरणाच्या गंजात राहिली, कुणाचा घास तोंडाशी. कुडाला टेकून बसलेल्या तिच्या वर्गमैत्रिणीने, कमरुन्निसाने ओढणीचं टोक दातांत धरलं. तिला हसूही येत होतं आणि घामही फुटला होता.

पैज तिनेच लावली होती. काल शाळेतून येताना नाल्यापाशी दप्तर आपटून ती म्हणाली होती, "आमच्यापुढं तं तू लय तोंड चालवते, पंची. मांडवात विचारून दाखव. सगळ्या बायाइसमोर. नाई विचारलं तं ईदपर्यंत माहं दप्तर तू वाह्यचं!" बाकीच्या पोरींनी टाळ्या पिटल्या होत्या. दप्तराचं पंचफुलाला काय! तिच्या पोटात राग केव्हाचा रटरटत होता. पैजेने नुसतं झाकण काढलं.

आणि राग का येऊ नये? मांडवाच्या मधोमध, पाटावर, हिरवं लुगडं नेसून, गळ्यात-दंडात शेवंतीचे हार घालून तिची वहिनी बसली होती. तुळसाबाई. सातवा महिना, पहिलटकरीण. सगळ्यांच्या पत्रावळीवर पुरणपोळी होती, डाळ घालून घोटलेला पालक होता, काशीफळाच्या तांबड्या फोडी होत्या, चमकोऱ्याच्या, म्हणजे अळूच्या, कुरकुरीत वड्या होत्या. आणि जिच्यासाठी हा सगळा थाट, तिच्या चांदीच्या ताटात अर्धी पुरणपोळी, मूठभर भात आणि त्यावर पाण्यासारखं वरण. ताटाभोवती रांगोळी मात्र हातभर रुंद.

आणि ही भाजी कुणाची? पंचफुलाची! न्हाणीचं पाणी गल्लीत वाया जातं म्हणून तिनेच आषाढात परसात चर खणला, न्हाणीच्या तोंडाशी चमकोऱ्याचे कंद लावले, पुढे पालकाचे वाफे ओढले, काशीफळाचा वेल गोठ्यावर चढवला. आज पहाटे मोठमायने ती वाडी कापून नेली, टोपल्याच्या टोपल्या, पाहुण्यांसाठी.

मोठमाय म्हणजे रंगूबाई, पंचफुलाच्या मोठेबाबांची, म्हणजे थोरल्या काका मारोतरावांची, बायको. घराची चूल तिच्या ताब्यात. तिने पुरणपोळ्यांची परात शांतपणे खाली ठेवली.

"तिले चालत नाई," ती म्हणाली. "पाचवा लागला का पालाभाजी बंद अन् अर्धी भाकर. लेकरू पोटात मोठं झालं का बाई अडते. या घरचा रिवाज हाय. तुह्या मायनं पाळला, मी पाळला. बस खाली."

"पण वयनीले संध्याकाळचं दिसत नाई!"

मांडवात एकदम गलका झाला. इंझोरीहून आलेली विहीण, तुळसाची आई कमलीबाई, घास तसाच ठेवून वळली. "काय दिसत नाई?"

"काई नाई वो, विहीणबाई," रंगूबाई हसली. "पोटुशीले येते थोडी अंधारी. बाळंत झाली का जाते. पोट्टी शाळेत जाते ना, तिले वाटते आपल्याले डाक्तरी येते."

"जाते नाई, वाढून राह्यली! मांगच्या महिन्यात दिवेलागणीले घागर घेऊन दारच्या खांबावर आदळली. मंग मी तिले वाडीतली भाजी शिजवून देल्ली, लपून. चमकोरा चिंच टाकून, शेवग्याचा पाला डाळीत टाकून, वरून करडीच्या तेलाची फोडणी. पंधरवडाभर खाल्ली तं तिले दिव्याची वात दिसे. तुमी पकडलं, बंद केलं, अन् पुन्हा तसंच. विचारा तिलेच!"

सगळ्या माना तुळसाकडे वळल्या. तुळसाने पदर ओढून घेतला. एकीकडे सासरची चूल, एकीकडे माहेरची आई, आणि सगळा गाव ऐकतोय.

"सांग ना, वयनी."

"मी... मी कुठी खाल्ली?" तुळसा ताटाकडे बघत म्हणाली. "पंचीबाई कायबी सांगते."

रंगूबाईने परात उचलली. "घ्या वं बायाहो, पोळी घ्या. तूप वाढा कोनी." पंगत पुन्हा सुरू झाली. कुणीतरी फिसकन हसलं.

---

पंचफुला थेट परसात गेली. कापून नेलेल्या चमकोऱ्याचे बुडखे चिखलातून वर आले होते. तिने एका बुडख्याला लाथ मारली. मग त्यालाच वाईट वाटेल म्हणून पायाने माती सारखी केली. शेवगा तेवढा उंच होता म्हणून वाचला होता.

"खोटारडी!" ती शेवग्याला म्हणाली. "भित्री! पुन्हा माह्या हातचं खाजो म्हणा!"

"कोनाले शिव्या देऊन राह्यली?" मागून माय आली. हातात खरकट्या पत्रावळी. "आज सणाचा दिवस. तुले इतकं कळत नाई?"

"तुले कळते ना? तू तिची सासू हाय. खरी सासू तू हाय, मोठमाय नाई. तुह्या सुनेले अर्धी भाकर वाढते, अन् तू पत्रावळी उचलते!"

"हळू बोल."

"हळू बोलूनच तं हे झालं! तुले ठाऊक होतं का नाई, का मी तिले भाजी देतो?"

मायने पत्रावळी गाईपुढे टाकल्या. पदराला हात पुसले, पुसतच राहिली.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "चिंच कमी झाली तवाच समजलं मले. म्हणून तं चिंचेचा गोळा खालच्या फळीवर ठेवला, तुह्या हाताले येईन असा."

पंचफुलाचा राग क्षणभर अडखळला. माय तिच्या बाजूची होती. पण असली कसली बाजू, जी चिंचेच्या गोळ्यापुरतीच!

"मंग मांडवात काहून नाई बोलली?"

"काय बोलू? मीबी तसेच दिवस काढले. तू पोटात होती तवा मलेबी दिवेलागणीले दिसे नाई. हातानं भिंत चाचपत चुलीपाशी जावो. तू झाली, अन् दिसाले लागलं. मले वाटलं, असंच असते."

"अन् माह्याआधीचा?"

माय गाईपुढच्या पत्रावळी पायाने सारख्या करायला लागली.

"जगदेवदादा अन् मी, मधात एक होता ना, माय? मले गल्लीतल्या बायाइनं सांगतलं."

"होता. एवढासा होता." मायने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि लगेच मोडली. "रडलाच नाई. मोठमाय म्हणे, लहान झाला म्हणून तू वाचली. मले खरं वाटलं. तवा काय, कोनीबी काईबी सांगतलं असतं तं खरं वाटलं असतं."

वाऱ्याने शेवग्याचा पाला हलला. पंचफुलाला मायला मिठी मारावीशी वाटली आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. तोंडातून शब्द आले ते असे: "मंग आता वयनीचा बी असाच एवढासा होऊ द्यायचा काय?"

माय वळून मांडवाकडे चालती झाली. मांडवातून ओटी भरायची हाक आली होती.

---

पुरुषांची पंगत लांबल्यामुळे सगळ्यालाच उशीर झाला होता. ओटी भरता भरता दिवेलागण झाली. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळत नव्हतं. एकच कंदील, तोही वात खाली करून खांबाला टांगलेला, आणि देवापाशी एक तेलाची पणती. पण दिसायला काही अडचण नव्हती. पश्चिमेला अजून उजेड होता, माणूस माणसाला सहज ओळखत होतं.

सतरंजीवर वडील माणसं ओळीने बसली. लोडाला टेकून मारोतराव, शेजारी पंचफुलाचे बाबा बबनराव, मग गावातले दोघे-तिघे म्हातारे. ओटी घेऊन तुळसाने एकेकाच्या पाया पडायचं होतं. मारोतरावांना आग्रहावर आग्रह करून पोळी वाढली गेली होती. त्यांना घाम फुटला. त्यांनी फेटा काढून लोडावर ठेवला आणि वारा घ्यायला उठून मांडवाच्या कडेला उभे राहिले.

तुळसा आली. ओटी सांभाळत, पावलाने सतरंजी चाचपत. लोडापाशी थांबली. पदर डोक्यावर सारखा केला, हळूच वाकली आणि फेटा ठेवलेल्या लोडाच्या पाया पडली.

"मामंजी, आशीर्वाद द्या," ती म्हणाली.

एक पोरगी खिदळली. "लोडाच्या पाया पडली वं!" आणि हसू पसरलं. बाया हसल्या, म्हातारे हसले, स्वतः मारोतरावही कडेला उभ्या उभ्या हसले. तुळसा वाकलेलीच होती. आशीर्वादाची वाट बघत होती. हळूहळू हसू विरत गेलं, कारण ती उठत नव्हती, आणि तिचा चेहरा लोडाकडेच लागला होता.

पंचफुला धावली आणि वहिनीच्या समोर गुडघे टेकून बसली. खरं तर तिला वहिनीला उठवून आत न्यायचं होतं. पण रागाने तिचा ताबा घेतला. तिने वहिनीच्या डोळ्यांसमोर हात हलवला.

"वयनी, हे माहे बोटं दिसते का? किती हाय, सांग! आता सांग सगळ्याइले, मी कायबी सांगतो म्हणून!"

तुळसाने हात पुढे केला. तो पंचफुलाच्या बोटांच्या बाजूने, हवेतून गेला. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ओटीतले गहू सतरंजीवर सांडले.

आपण काय केलं हे पंचफुलाला त्या क्षणी कळलं, कारण मारोतरावांचा आवाज मांडवावर कोसळला.

"आंधळी पोरगी बांधली आमच्या गळ्यात! इंझोरीवाल्याइनं फसवलं आमाले!"

"आंधळी?" कमलीबाई उभीच राहिली. आतापर्यंत पोरीची आई म्हणून नमून वागणारी ती बाई एकदम वाघिणीसारखी पुढे झाली. "माही लेक दिवेलागणीले सुईत दोरा ओवे! तुमच्या घरी येऊन आंधळी झाली असीन तं तुमचं घर पाहा, पाटील!"

"तोंड सांभाळा! घेऊन जा मंग तुमची लेक. आत्ताच्या आत्ता. जगदेव, छकडा जुंप!"

जगदेव, पंचफुलाचा भाऊ, तुळसाचा नवरा, खांबापाशी उभा होता. तो जागचा हलला नाही. पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"दादा!" पंचफुला ओरडली. "तुही बायको हाय ना? तुह्या ताटात दोन भाकरी अन् वाटीभर भाजी, तिच्या ताटात अर्धी. रोज पाहतो ना तू? तुले तं दिवसाबी दिसत नाई!"

"पंची!" बबनराव पहिल्यांदाच बोलले, तेही पोरीवर. मोठ्या भावासमोर त्यांचा आवाज कधी याहून वर चढत नसे. "गुमान बस."

"छकडा जुंपायचा नाई."

हे कोण बोललं म्हणून सगळ्यांनी पाहिलं. रंगूबाई. नवऱ्यासमोर, भरल्या मांडवात, कमरेला पदर खोचून.

"माह्या मांडवातून पोटुशी पोर जाणार नाई. कोनी बैलाले हात लावला तं मी आडवी पडन. तुमीबी खाली बसा," ती मारोतरावांना म्हणाली. "फेटा घाला."

मारोतरावांनी लोडावरचा फेटा उचलला. पंचफुलाचं मन मोठमायकडे धावत गेलं. वाटलं, आता समजलं हिला. आता सगळं ठीक होईल.

"मंग वयनीले भाजी द्याल ना, मोठमाय? पोटभर?"

रंगूबाई तिच्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत पंचफुलाने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं.

"नाई. ती इथंच राहीन, माह्या डोळ्यासमोर, अन् खाईन तं मी वाढलेलंच. तुमी लोकं विसरले, मी नाई विसरली. माही सुंद्रा आली होती या घरी बाळंतपणाले. एकुलती एक लेक. जे मागे ते देल्लं मी तिले. पालक मागे, पालक. शिरा मागे, शिरा. लेकरू पोटात वाढलं, अडलं. अडलं ते अडलं. माह्या मांडीवर डोकं होतं तिचं." तिचा आवाज थरथरला नाही, उलट आणखी कडक झाला. "मी खाऊ घालूनच मारलं तिले. आता पुन्हा नाई मारणार कोनाले."

कमलीबाईनेही मान खाली घातली. अशा वेळी गप्प राहावं, हे पंचफुलाला कळत नव्हतं असं नाही. पण तिच्या नजरेसमोर मायने केलेली ती ओंजळ होती.

"सुंद्राताई भाजीनं नाई मेली, मोठमाय! तुमी तिले मारलं नाई. अन् हे जे तुमी करून राह्यल्या ना, यानं मात्र..."

चपराक इतकी जोरात बसली की कंदिलाचा उजेड पंचफुलाला हिरवा दिसला.

"उद्यापासून हिची शाळा बंद," रंगूबाई म्हणाली. हात अजून वरच होता. "अन् सकाळी वाडीत म्हैस सोडतो मी. पाला राह्यला नाई पाहिजे."

कमरुन्निसा कुडापाशी उभी राहून रडत होती. आणि मग, सगळ्यांच्या खाली, सतरंजीवरच्या सांडलेल्या गव्हातून आवाज आला.

"मले दिसे." तुळसा तोंडावरचे हात न काढता बोलत होती. "पंचीबाईनं भाजी देल्ली तवा मले दिव्याची वात दिसे. चुलीतला जाळ दिसे. मी खोटं बोलली मघा. मले... मले भाकरबी पुरत नाई, मोठ्याआत्याबाई. लेकरू पोटात लाथा मारते ना, तवा वाटते, त्यालेबी भूकच लागली असीन."

जगदेवने मान वर केली. तो पुढे आला, बायकोशेजारी उकिडवा बसला आणि एकेक करून गहू वेचायला लागला. एवढंच केलं त्याने. पण साऱ्या गावासमोर केलं.

रंगूबाई वळली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. पाहुणे चपला शोधायला लागले.

---

मांडव रिकामा झाला. कमलीबाई लेकीला धरून आतल्या खोलीत गेली. ती आता काही दिवस राहणार होती. मारोतराव पारावर निघून गेले. ओट्यावर पंचफुलाचे बाबा बसले होते, आणि उंबऱ्यात माय. पंचफुला समोर उभी राहिली. गालावर चार बोटं उठली होती.

"लय दुखते का?" बाबांनी विचारलं.

"दुखू द्या."

"सकाळी मोठमायची माफी माग. मी शाळेचं बोलतो त्याइच्याशी. सावकाश. महिन्याभरानं. राग उतरला का."

"महिन्याभरानं वयनीचा आठवा लागन, बाबा."

बबनराव दाढीवरून हात फिरवत राहिले. भला माणूस. कुणाला दुखवायचं नाही म्हणून आयुष्यभर अंग चोरून बसलेला. पंचफुलाचं या माणसावर फार प्रेम होतं आणि आज त्याचा सगळ्यात जास्त राग आला होता.

"मी ठरवलं," ती म्हणाली.

"काय ठरवलं?" माय उंबऱ्यातून उठली.

"मी वेगळी चूल मांडतो. उद्या. वाडीत, शेवग्याखाली. वयनीपुरती."

बबनराव ताडकन उभे राहिले. "येडी झाली काय? वेगळी चूल म्हणजे काय असते, समजते तुले? या घराची तीन पिढ्या एक चूल हाय. चूल वेगळी म्हणजे घर फुटलं. भावाभावाची वाटणी. लोक थुंकतील मले!"

"मले वाटणी नाई पाहिजे. बैल नाई, वावर नाई, भांडं बी नाई. मडकं मी कमरूच्या घरून आणतो."

"मोठमाय म्हैस सोडणार हाय वाडीत."

"मी वाफ्यात बसतो पहाटपासून. म्हैस आली तं माह्या अंगावरून जाईन. अन् शाळेतबी जाईन मी, वयनीचं जेवण झाल्यावर. वेळ होईन तं बाई छडी मारतील. मारू द्या. मोठमायले मी उलटून बोलणार नाई, तिची सुंद्राताई गेली, ते मले समजते. पण तिच्या ताटातून वयनी आता जेवणार नाई."

"पंचे..." बाबा ओट्याची एक पायरी खाली उतरले.

"माय, तुले यायचं असीन तं दोन भाकरीचं पीठ घेऊन ये. नसीन यायचं तं नको येऊ, मी मागून आणन. बाबा, मोठेबाबाले सकाळी तुमी सांगा." ती दार ओलांडून परसाकडे निघाली आणि दोन पावलांवर वळली. "तुमच्यानं नाई झालं, तं मीच सांगतो."